टुंड्रातली एक जागा: चुकोत्का मतदारसंघाची गोष्ट

मंडळी, मतदानाच्या तारखेला अजून दोन आठवडे आहेत आणि रशियातल्या चुकोत्कात मतदान सुरूही झालंय. चुकोत्काची राजधानी अनादिर, तिथल्या धावपट्टीवरून एमआय-८ हेलिकॉप्टर उडतं. आत निवडणूक आयोगाची दोन-तीन माणसं, मतदारयादी आणि सील केलेली फिरती मतपेटी. खाली टुंड्रा. झाड नाही, रस्ता नाही. रेनडिअरच्या कळपामागे फिरणाऱ्या गुराख्यांचा तळ दिसला की हेलिकॉप्टर उतरतं. तळावर कातड्यांचे तंबू असतात, त्यांना ‘यारांगा’ म्हणतात. तंबूतून माणसं बाहेर येतात, यादीत सही करतात, मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकतात. पाच-सात मतं झाली की हेलिकॉप्टर पुढच्या तळाकडे. हवा बिघडली तर तिथंच मुक्काम.

पाच-सात मतांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणाला वाटेल. मला त्यात लोकशाहीचा एक फार मोलाचा शब्द दिसतो: तुम्ही कितीही लांब असा, आम्ही येऊ. आज बोलायचंय ते या शब्दाचं पुढे काय झालं त्याबद्दल.

आधी भूगोल. चुकोत्का म्हणजे आशियाचं ईशान्येकडचं टोक. समोर बेरिंगची सामुद्रधुनी, पलीकडे अलास्का. क्षेत्रफळ सात लाख चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ५० हजारांच्याही खाली. आणि या सगळ्या प्रदेशाचा मिळून रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे दुमात, एक मतदारसंघ. रशियात एका मतदारसंघात सरासरी पाच लाखांच्या घरात मतदार असतात, इथे चाळीस हजारही नाहीत. आपल्याकडे लक्षद्वीपचं जसं आहे, साधारण तसंच. संघराज्यातल्या प्रत्येक घटकाला किमान एक जागा मिळालीच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. लोकसंख्येच्या हिशेबानं ही जागा चुकोत्काच्या वाट्याला कधीच आली नसती.

आता इतिहास. सोव्हिएत काळात चुकोत्का मागादान प्रांताच्या हाताखाली होता. १९८९ साली गोर्बाचेव्ह यांच्या काळात लोकप्रतिनिधींच्या काँग्रेससाठी निवडणुका झाल्या, तेव्हा इथून व्लादिमीर एतिलिन निवडून गेले. एतिलिन स्वतः चुकची. चुकची म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी, साऱ्या रशियात मिळून सुमारे १६,००० लोक. ज्यांच्या नावावरून प्रदेश ओळखला जातो त्यांच्यातलाच एक माणूस मॉस्कोच्या सभागृहात बसला, ही साधी गोष्ट नव्हती. एतिलिन हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९९२ मध्ये चुकोत्का मागादानपासून वेगळा झाला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी संसदेवर रणगाडे चालवले आणि १२ डिसेंबर १९९३ला नव्या राज्यघटनेवरचं सार्वमत आणि नव्या दुमाची निवडणूक एकाच दिवशी झाली. ४५० जागांपैकी २२५ पक्षयाद्यांमधून आणि २२५ मतदारसंघांतून. चुकोत्कातून निवडून आल्या तात्याना नेस्तेरेन्को. या बाई इउल्तिन जिल्ह्याच्या अर्थखात्यात काम करायच्या. पुढे त्या देशाच्या फेडरल ट्रेझरीच्या प्रमुख झाल्या, उपअर्थमंत्रीही झाल्या.

इउल्तिनपाशी मला थोडं थांबायचंय. डोंगरातलं हे खाणकामगारांचं गाव, कथील आणि टंगस्टनच्या खाणीवर उभं राहिलेलं. बहुमजली इमारती, शाळा, दुकानं, सगळं होतं. सोव्हिएत संघ कोसळला, मॉस्कोहून येणारा पैसा आटला, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर खाण बंद पडली आणि गाव उठलं. आजही इमारती उभ्या आहेत, आत कुणी नाही. अशी गावं चुकोत्कात बरीच. १९८९ साली या प्रदेशात दीड लाखाहून जास्त लोक होते, २००२ साली ५४ हजारांच्या आसपास उरले. मतदारयादीतली तीनातली दोन माणसं एका तपात निघून गेली तर त्या मतदारसंघाचं काय होईल, याची कल्पना करून बघा. जे जाऊ शकत होते ते गेले. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते किंवा ज्यांची जमीनच ती होती, ते मागे राहिले.

अशा वेळी, डिसेंबर १९९९च्या निवडणुकीत उमेदवार म्हणून आले रोमान अब्रामोविच. वय ३३, सिबनेफ्त या तेलकंपनीचे बडे मालक. चुकोत्काशी जन्माचं नातं नाही. ते निवडून आले. वर्षभरातच त्यांनी गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. आधीचे गव्हर्नर अलेक्सांद्र नाझारोव यांनी ऐनवेळी माघार घेतली आणि डिसेंबर २०००मध्ये अब्रामोविच यांना सुमारे ९० टक्के मतं पडली.

इथे मला लोकांना दोष द्यायचा नाही. अब्रामोविच यांनी शाळा, दवाखाने, घरं बांधून दिली. थंडीत वाढलेल्या मुलांना उन्हाळ्यात दक्षिणेच्या समुद्रावर पाठवलं. पगार महिनोन् महिने थकलेल्या माणसाला हे दिसत होतं, हाताला लागत होतं. त्यानं मत का देऊ नये? पण दुसरी बाजूही सांगायला हवी. सिबनेफ्तशी संबंधित व्यापारी कंपन्यांची नोंदणी चुकोत्कात झाली, त्यांना करात मोठ्या सवलती मिळाल्या. रशियाच्या लेखापरीक्षण संस्थेनं २००४ मध्ये यावर बोट ठेवलं. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की मतदारांनी चार वर्षांसाठी ज्यांना दुमात पाठवलं ते एका वर्षात ती जागा सोडून गेले. मतदारसंघाची जागा ही पायरी ठरली.

पोटनिवडणूक लागली २००१ मध्ये आणि निवडून आले तेच एतिलिन. बारा वर्षांनी पुन्हा मॉस्कोत. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ज्या लोकांनी गव्हर्नर म्हणून तेलसम्राटाला डोक्यावर घेतलं, त्याच लोकांनी संसदेत पाठवायला आपल्यातला माणूस निवडला. मतदार भोळा असतो असं म्हणणाऱ्यांनी या दोन निकालांकडे एकत्र बघावं. २००३ला ही जागा इरीना पांचेन्को यांच्याकडे गेली.

त्या काळच्या मतपत्रिकेवर आणखी एक रकाना असायचा: ‘सर्वांच्या विरोधात’. आपला ‘नोटा’ २०१३चा, पण आपल्या नोटाला जास्त मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. रशियात तसं नव्हतं. या रकान्याला सर्वाधिक मतं पडली की निवडणूक रद्द. १९९९ मध्ये देशभरातल्या आठ मतदारसंघांत असं झालं. २००६ साली तो रकाना कायद्यानं काढून टाकला.

त्यानंतर तर मतदारसंघच गेले. २००७ आणि २०११च्या निवडणुकांत सगळ्या ४५० जागा पक्षयाद्यांना, वर सात टक्क्यांची अट. चुकोत्काचा म्हणून निवडून आलेला एकही प्रतिनिधी नाही. हेलिकॉप्टरं तेव्हाही उडत होती, पण मतपत्रिकेवर माणसांऐवजी पक्षच होते. गव्हर्नरांची थेट निवडणूक त्याआधीच, २००४च्या अखेरीस बंद झाली होती आणि अब्रामोविच २००५ मध्ये त्या पदावर पुन्हा आले ते नियुक्तीनं.

२०१६ला मतदारसंघ परत आले. वालेंतिना रुदचेन्को निवडून आल्या, २०२१ला येलेना येव्त्युखोवा. दोघी सत्ताधारी युनायटेड रशियाच्या. या दोन निवडणुकांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही आणि याचंच मला वाईट वाटतं. जागा परत मिळाली, चुरस नाही मिळाली.

आता मतदानाचा शेवटचा दिवस. अनादिरचं घड्याळ मॉस्कोच्या नऊ तास पुढे. रात्री आठला इथली केंद्रं बंद होतात तेव्हा मॉस्कोत सकाळचे अकरा. टुंड्रातून आलेल्या पेट्या उघडतात, मतं टेबलावर पालथी होतात. इथली मतं थोडी, मोजणी लवकर आटोपते. पण देशाच्या पश्चिम टोकाला, कालिनिनग्रादमध्ये, शेवटचं केंद्र बंद होईपर्यंत कुठलाही निकाल जाहीर करता येत नाही. म्हणजे आणखी दहा तास. देशात सर्वांत आधी मत देणारी ही माणसं निकाल माहीत असूनही गप्प राहतात, आणि बाहेर अनादिरमध्ये तोवर दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असते.