आईच्या मापाची बैठक

(ओटा. विटा, फळी, मटारची परात.)

तीन विटा एकावर एक आणि वर इंचभर जाडीची फळी. झाले 10 इंच. त्यावर आईला बसवलं, पुढ्यात दोन किलो मटार ओतले आणि घड्याळ लावलं. अट एकच, शेंगा संपेपर्यंत उठायचं नाही. अठराव्या मिनिटाला तिनं डावा पाय लांब केला. मग हात टेकून कूस बदलली. पंचविसाव्या मिनिटाला म्हणाली, "भाऊजी, पुरे."

काकांनी वहीत आकडा लिहिला आणि चौथी वीट आणायला गेले.

(इंदूर ते महेश्वर, गाडीच्या काचेतून.)

10 इंच ही महेश्वरातल्या एका लहान नावेच्या आडव्या फळीची उंची. इंदुराहून महेश्वर साधारण 90 किलोमीटर. अहिल्याबाईंची राजधानी, त्यामुळे आमच्याकडच्या मराठी घरांना ते माहेरासारखंच. आई तिथल्या घाटावर शेकडो वेळा बसली असेल. पण किल्ला आणि घाट एका नजरेत पाहायचे तर नर्मदेच्या पात्रात जायला हवं, आणि पात्राच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, तिथवर तर नावेनंच जाता येतं. गेल्या थंडीत ती बसलीही होती. दहा मिनिटांत नाव परत फिरवावी लागली. पाण्याची भीती तिला नाही, गुडघे आणि कंबर ऐकेनात.

तेव्हा ठरलं, नाव त्या केवटाची, म्हणजे नावाड्याचीच राहील, बैठक आपण करायची.

(काकांचा ओटा. रंधा, पटाशी, गुण्या.)

काकांचा हात मिलच्या सुतारखान्यात बसलेला. त्यांचं पहिलं म्हणणं होतं की जुनी फळी काढून खुर्ची ठोकू. केवटानं दोन्ही हात पुढे केले, "पटिया मत निकालना." त्याचं बरोबर होतं. नावेतली आडवी फळी नुसती बसायला नसते. ती दोन्ही बाजूंना एकमेकींपासून धरून ठेवते. ती काढली की लाटेच्या दाबानं बाजू आत-बाहेर होऊ लागतात, सांधे सुटतात, पाणी झिरपतं. तेव्हा फळी राहिली, आणि जे करायचं ते तिच्यावर.

चार विटांवर, म्हणजे 13 इंचांवर, मटार संपले. पाच विटांवर तर आई खूशच झाली, पण ती खुर्चीची उंची, आणि नाव म्हणजे दिवाणखाना नव्हे. नाव, केवट, आई आणि मी मिळून 300 किलो धरा. त्यातली 60 किलोंची आई साडेसात सेंटीमीटर वर गेली, तर सगळ्या वजनाचा मध्य दीड सेंटीमीटर वर सरकतो. एवढं ही सपाट तळाची नाव सहन करते. पण तीच आई मधेच उभी राहिली, तर तिचं वजन या साडेसात सेंटीमीटरच्या चौपट वर जातं. मला या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे कळलं: ज्याला नीट बसता येतं, तो मधेच उठत नाही. आराम आणि सुरक्षितता या नावेत एकच गोष्ट आहे.

म्हणून 13 इंच. आणि बैठक बरोबर मध्यरेषेवर, काठाकडे चार बोटंही नाही.

(नवारीचं बंडल उलगडतं.)

गादीचा विचार दुकानात जाईपर्यंतच टिकला. साधा सोफ्याचा फोम पाणी शोषतो, आणि वरून वाळला तरी आतून दिवसेंदिवस ओला राहतो. शिवाय मऊ गादीत माणूस रुततो, आणि रुतलेल्या माणसाला उठताना गुडघ्यांवर जोर द्यावा लागतो. आईच म्हणाली, "आपल्या जुन्या पलंगासारखी नवार का नाही विणत?"

सुती नवार पाणी पिते आणि कुजते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची घेतली, ती पाणी जवळजवळ पीतच नाही. उन्हानं मात्र झिजते, तेव्हा एरवी वर कापड टाकून ठेवायचं. चौकटीला घरातल्या जुन्या सागवानी दाराचं लाकूड मिळालं. नवार बसल्यावर इंचभर दबते, म्हणून चौकट फळीच्या वर चार इंच.

खरी कसोटी पुढच्या दांडीची. बाजेवर पाय खाली सोडून बसलं की मांड्यांखाली कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात, हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको. काकांनी ती दांडी लाटण्यासारखी गोल केली, आणि पुढच्या पट्ट्या घट्ट, मागच्या किंचित सैल विणल्या. त्यामुळे बसणारा आपोआप मागे सरकतो आणि कंबर पाठीला टेकते.

ती पाठ आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा माप घेताना आईच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं! ते घातल्याबरोबर उंच पाठीनं तिला पुढे ढकललं. मग पाठ कापून सात इंचांवर आणली, फक्त कमरेपुरती. दोन्ही बाजूंना हाताच्या दांड्या, उठताना जोर द्यायला. पायांखाली तिरपी फळी, कारण पायांना आधार नसला की मांड्यांखालचा दाब वाढतो.

केवटाच्या जागेची उंची आम्ही बदलली नाही. तो वर गेला तर वल्ह्याची मूठ त्याच्या मांडीवर आपटणार. त्याला फक्त पाय रेटायला एक आडवी दांडी दिली. इतकी वर्षं तो पायांखाली दोरखंडाची गुंडाळी ठेवत होता.

फळीखालच्या रिकाम्या जागेत पाणी न शोषणाऱ्या फोमचे ठोकळे पट्ट्यांनी बांधले, सगळे मिळून 45 लिटर. नाव पाण्यानं भरलीच, तर जवळजवळ तितक्या किलोंचा आधार.

(महेश्वर. पहाट. फक्त वल्ह्यांचा आवाज.)

आई आधी काठावर बसली, मग पाय आत, मग दांडी धरून बैठकीवर. "वहिनी, उठू नका हं," काका घाटावरून ओरडले. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

पन्नास मिनिटांनी नाव परत आली. आई उतरल्यावर काका आत गेले, अंगठ्यानं एकेक पट्टी दाबून पाहिली. मधल्या दोन सैल झाल्या होत्या. नवी नवार सुरुवातीला थोडी ताणतेच. त्यांनी खिशातून पक्कड काढली. केवट शेजारी उकिडवा बसून गाठ कशी मारतात ते बघत होता.