पाऊणकीच्या हिशोबाने येणारे पक्षी

(पक्षी सप्ताहात सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा आपण पक्षी सप्ताह म्हणून पाळतो. चितमपल्ली सोलापुरात जन्मले आणि २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. त्यांच्या गावात पक्ष्यांवर बोलायला उभं राहताना मन भरून येतं.

मी आज समुद्रावर बोलणार आहे. आपल्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव मला नीट बघायला शिकवला तो समुद्राने, म्हणून हा विषय.

पहिल्यांदा अलिबागजवळच्या अक्षीला गेलो तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. कार्तिकातली पौर्णिमा झालेली, वद्य प्रतिपदेची सकाळ. माळरानाची सवय असलेला माणूस मी. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात उजाडायच्या आत पोचायचं, ऊन चढलं की परतायचं. त्याच हिशोबाने साडेसहाला किनाऱ्यावर हजर झालो. समोर पाणीच नाही! ओली वाळू आणि चिखल लांबच लांब पसरलेला, आणि त्याच्या पार टोकाला तिळाएवढे ठिपके हलतायत. दुर्बिणीतूनही तीळच. दोन तास उभा राहिलो आणि मग कंटाळून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. शेजारी मासळी वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "पानी चढू दे दादा, येतील ती."

आली. साडेदहानंतर पाणी जवळ यायला लागलं तसे ते तीळ माझ्याकडे सरकू लागले. बाराच्या सुमाराला वाळूची जेमतेम एक पट्टी उरली आणि सकाळभर मैलभर विखुरलेले सगळे पक्षी त्या पट्टीवर, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर! मी जागचा हललोही नव्हतो.

त्या बाईला हे कसं ठाऊक, तर तिला तिथी ठाऊक होती. कोकणात भरतीचा हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट करायची. आपल्या आजोबांनी शाळेत घोकलेली पाऊणकी आठवा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. प्रतिपदेला पाऊण वाजता. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका बघून सहल ठरवता येते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचाच हा पाढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक थोडा. पक्षी बघायचे तर पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जाऊन उभं राहावं. पक्षी सूर्याच्या घड्याळावर चालत नाहीत, पाण्याच्या चालतात.

आता बघायचं काय? रंग बघायचा नाही, हे आधी सांगतो. हिवाळ्यात या स्थलांतरित पाहुण्यांचे विणीचे रंग उतरलेले असतात, सगळे राखाडी-तपकिरी. तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगल, डिसेंबरात बघा, डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक काळसर डाग! नावातलं तपकिरी डोकं उन्हाळा जवळ आला की उगवतं. म्हणून चाल बघा. चिखल्या (प्लोव्हर) चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो, कारण तो डोळ्यांनी शिकार करतो. म्हणून त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. टिलवे (स्टिंट) आणि तुतवार (सँडपायपर) मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखे टोचत राहतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, चिखलातला किडा न बघता सापडतो. कुरल (कर्ल्यू) आपली लांब बाकदार चोच मुळापर्यंत खुपसतो आणि बाकीच्यांना न मिळणारं खोलातलं अन्न काढतो. एकाच चिखलात प्रत्येकाचं ताट वेगळं वाढलेलं.

माझा सगळ्यात लाडका सँडरलिंग. लाट मागे गेली की तिच्यामागे धावतो, लाट आली की तिच्यापुढे. त्याला मागचं बोटच नाही, पळण्यासाठीच घडलेले पाय. हा पक्षी थेट आर्क्टिकच्या काठावर जन्मतो.

एवढ्या लांबच्या प्रवासाची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला पोचलं. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठेही न उतरता. हे सगळं अंगातल्या चरबीवर. भरतीच्या वेळी वाळूवर एका पायावर उभा असलेला थवा तीच शिल्लक जपत असतो. म्हणून फोटोत पंख दिसावेत एवढ्यासाठी मुलांना थव्यात पळवू नका. मी हे हात जोडून सांगतो. आणि कुरवांना गाठ्या, शेव टाकू नका. ते पक्ष्याचं अन्न नव्हे.

आता आपल्याकडे येतो. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. तिथे लाटा नाहीत, भरती नाही. पण पावसाळ्याअखेर ते भरतं आणि मग मेपर्यंत हळूहळू उतरत जातं. समुद्राला दिवसातून दोन ओहोट्या, उजनीला वर्षातून एकच, आठ महिन्यांची! उतरत्या पाण्यामागे जो ओला चिखल उघडा पडतो, त्यावर तेच टिलवे, तेच चिखल्या, तेच पाणटिवळे येतात. तपकिरी डोक्याचा कुरवही येतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खोल पाण्यात नाही, उथळ कडेला उभा राहून चोच उलटी करून चाळतो. त्याला हवी असते ती पाणी आणि जमीन यांच्यामधली पट्टी.

मी वर्षानुवर्षं हिप्परग्याला पाण्याच्या मध्यावर दुर्बीण लावायचो. बदकं मोजायचो, थापटे, तलवार बदक, चक्रवाक, आणि घरी यायचो. कडेच्या चिखलाकडे माझं लक्षच नव्हतं. किंबहुना तो मला घाण वाटायचा. त्याच कडेवर आपण राडारोडा टाकतो, मूर्ती आणि निर्माल्य सोडतो, गाड्या धुतो, सुशोभीकरण म्हणून दगडी भिंत उभारतो. भिंत झाली की तलाव राहतो, काठ जातो. टिलव्याला उभं राहायला दगड नाही, चिखल लागतो.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी हिप्परग्याच्या उतारावर असेन. तिथे तिथी बघावी लागत नाही. दुर्बीण नसेल त्यांच्यासाठी माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत. फक्त मातकट कपडे घाला आणि चिखलात बसायची तयारी ठेवा, कारण टिलवा उभ्या माणसाच्या फार जवळ येत नाही.