कुंभारणीच्या घरातले कोळी

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सरला, की कोकणातल्या घरांच्या पडवीत एक किणकिणती गुणगुण सुरू होते. कधी वाशाजवळ, कधी खिडकीच्या चौकटीत, कधी खुंटीवर महिनोन्‌महिने लटकलेल्या छत्रीच्या घडीत. नीट पाहिलंत तर दोऱ्यासारख्या कंबरेची, काळ्या अंगाची आणि पिवळ्या पायांची माशी दिसेल. ही कुंभारीण. विहिरीच्या कडेची, आगरातल्या पाटाजवळची ओली माती ती जबड्यात धरून आणते. गुणगुण येते ती माती थापताना. अंगाच्या थरथरीनं मातीचा गोळा सैल होतो आणि भिंतीवर सरसर पसरतो.

कीर्तनात भ्रमर-कीटक न्याय तुम्ही ऐकला असेल. भ्रमर किड्याला आणून घरात कोंडतो, किडा भीतीनं त्याचंच ध्यान करत राहतो आणि शेवटी भ्रमर होऊनच बाहेर पडतो. बुवा त्यातून काय सांगतात तो त्यांचा विषय. पण ज्या कुणी हे प्रथम पाहिलं, त्याची नजर पक्की होती असं मला वाटतं. आत कोंडलं ते एक आणि बाहेर आलं ते दुसरं, हे अगदी खरं आहे. मधलं अंडं तेवढं त्याला दिसलं नाही.

भिंतीवरून पडलेलं कुंभारणीचं घर फोडून बघा. एकेका कप्प्यात पाय दुमडलेले बरेचसे कोळी दाटीनं भरलेले असतात. वाळलेले नाहीत, कुजलेले नाहीत. हळूच फुंकर घातली तर एखादा पाय हलेलही. कुंभारीण कोळ्याला नांगी मारते ती मारून टाकण्यासाठी नव्हे, तर त्याच्या मज्जातंतूंचं काम थांबवण्यासाठी. मेलेला कोळी आपल्या दमट हवेत किती टिकणार? लुळा पडलेला मात्र ताजा राहतो. त्यातल्या एका कोळ्याच्या पोटावर ती अंडं घालते, कप्पा भरला की तोंड लिंपते आणि पुढच्या कप्प्याला लागते. अंड्यातून निघालेली अळी एकेक कोळी फस्त करते, कोश विणते आणि पुढे माशी होऊन मातीला भोक पाडून बाहेर येते. मोठ्या माशीचं स्वतःचं पोट फुलांतल्या मधावर भरतं. शिकार सगळी पोरांसाठी.

कोळ्यांवर जगणारं दुसरं मोठं कूळ म्हणजे पोंपिलिडी. जगात त्यांच्या सुमारे ५,००० जाती. अंगणात, जांभ्याच्या गडग्यालगत, पंख झटकत आणि मिशा नाचवत जमिनीवर घाईघाईनं धावणारी माशी दिसली, तर बहुधा ती यांच्यातली. हिचा हिशेब वेगळा: एका पोराला एकच कोळी, पण कोळी केवढा! कधीकधी तिच्याहून जड. तो तोंडात धरून उडणं जमत नाही, म्हणून ती मागे मागे चालत त्याला ओढत नेते. यांतल्या बऱ्याच जणी आधी शिकार करतात आणि मग बीळ खणायला घेतात. तोवर कोळ्याला मुंग्या लागू नयेत म्हणून काही माश्या त्याला झुडपाच्या बेचक्यात अडकवून ठेवतात. काही जाती कोळ्याचे पायच कातरून टाकतात, ओढायला सोपं. आणि याच कुळात चोरही आहेत. दुसरीनं लुळ्या केलेल्या कोळ्याच्या श्वसनछिद्रात त्या गुपचूप आपलं अंडं सरकवतात.

एवढं सगळं करणारी माशी हुशार असेल असं वाटतं ना? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये कीटकांचे अभ्यासक जाँ आंरी फाब्र यांनी कुंभारणीच्या कप्प्यातून तिनं आणलेले कोळी आणि अंडं काढून घेतलं. ती कोळी आणतच राहिली आणि शेवटी रिकामा कप्पा व्यवस्थित लिंपून निघून गेली.

तिची जागेची निवडही अशीच. भोक दिसलं की झालं. १९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ विमान समुद्रात कोसळून १८९ माणसं गेली. वेग मोजणारी नळी तुंबली होती, आणि त्यात अशाच माशीनं घर केलं असावं असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. त्यामानानं आपल्याकडे प्लगची भोकं बुजतात, एवढंच.

ही एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखं मोहोळ राखत नाही. त्यामुळे घरट्याजवळ गेलं म्हणून अंगावर येत नाही. हातात दाबली तर मात्र चावेल. तेव्हा गणपतीच्या रंगकामाआधी भिंत खरवडायला घ्याल, तेव्हा आधी घर पाहा. गोल भोकं असतील तर पोरं उडून गेलीत, बेलाशक खरवडा. सगळं बंद असेल तर तेवढा हातभर तुकडा शेवटी रंगवा. आणि भोक पुन्हा बुजवलेलं दिसलं तर समजा, तिथं निळी माशी आली आहे. ती स्वतः घर बांधत नाही. पाणी आणून कुंभारणीची जुनी माती भिजवते आणि त्याच कप्प्यात आपले कोळी भरते.