ताणावर सोडलेली बाग

मे महिन्यात परतवाड्याला कोण जातं? आम्ही जातो, दरवर्षी, कारण पोराच्या शाळेला सुट्टी तेव्हाच आणि ऑफिसात रजा मिळते ती पण तेव्हाच. बडनेऱ्याला ट्रेनमधून उतरायचं, अमरावतीहून एसटी पकडायची, पुढे पन्नासेक किलोमीटर, आणि सकाळी नऊलाच खिडकीचा दांडा हाताला चटका देतो. पारा ४४ वर. घरी पोचलो की पहिलं काम म्हणजे कूलरच्या ताट्या बदलणं, ते काम माझ्यासाठीच राखून ठेवलेलं असतं बहुतेक.

पहाटे साडेचारला गच्चीवर गडबड सुरू होते. कुरडया. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून काढलेला चीक मोठ्या गंजात शिजतोय, काकू घोटतेय, घाम पुसायला पण हात मोकळा नाही. सोऱ्या भरायच्या आधी गरम चिकाची एक वाटी तूप-साखर घालून माझ्या हातात येते, आणि खरं सांगायचं तर मी एवढ्या लांब येतो त्यात या वाटीचा वाटा बराच आहे. ऊन चढायच्या आत गच्ची भरून कुरडया, मग दुपारभर अख्खं गाव दारं लावून गप्प.

या वेळी कॅमेरा घेऊन काकाच्या संत्र्याच्या बागेत गेलो आणि पहिल्या फ्रेमलाच पोटात गोळा आला. पानं दुमडलेली, पिवळट, खाली पाचोळ्याचा थर, जमिनीला भेगा. विहिरीला पाणी दिसत होतं तरी ड्रिपच्या नळ्या कोरड्या. मला वाटलं बाग गेली. काकाला म्हटलं, तर हसला.

"वायली नाई बे ते, ताणावर सोडली हाये. आता पाणी देल्लं तं निरी पालवी फुटते, फूल नाई येत."

म्हणजे मृग बहार, पावसाच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, घ्यायचा असेल तर महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं. झाडाची वाढ थांबते, ते अन्न साठवून ठेवतं, आणि मग मृगाच्या तोंडावर खत देऊन हलकं पाणी सोडलं की नवतीसोबत, म्हणजे नव्या पालवीसोबत, कळी निघते. त्या पहिल्या पाण्याला आंबवणी म्हणतात, दुसऱ्याला चिंबवणी. हे शब्द मी लहानपणी हजारदा ऐकलेले, अर्थ आत्ता कळला, लाज वाटली थोडी. किती ताण द्यायचा हे जमिनीवर असतं, हलक्या जमिनीत झाड लवकर दम सोडतं, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते तिथं जास्त दिवस लागतात. काका रोज सकाळी एक पान मुठीत दाबून बघतो. काय बघतो ते सांगत नाही. एवढं करून पाऊस लांबला की झाडं खरंच वाळतात आणि मधेच अवकाळी आला की ताण तुटतो, मग नुसता पालाच पाला. तिकडच्या धुऱ्याजवळ आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, झाडं आहेत, त्यांना पाणी चालू, तरी उन्हानं लिंबाएवढी फळं टपाटप गळतायत.

संध्याकाळी चिखलदऱ्याला गेलो. ११०० मीटरच्या आसपास उंची, हवा एकदम बदलते, पण घाटातला सगळा साग निष्पर्ण, हिरवं मेळघाट मी फक्त दुसऱ्यांच्या फोटोतच बघितलंय. भीमाने कीचकाला मारून जिथं टाकलं म्हणतात तो दरा पण कोरडा.

येताना अचलपूरच्या स्टेशनवर थांबलो. इथून मूर्तिजापूरला जाणारी छोटी नॅरोगेज गाडी, शकुंतला, बंद पडली, रुळांवर गवत. १९९४ पर्यंत हिला कोळशाचं इंजिन होतं, आजोबांसोबत मूर्तिजापूरला जाताना डोळ्यात कण गेला होता आणि मी अर्धा रस्ता रडलो होतो, तेवढंच आठवतं.

निघताना काकू कुरडयांचा डबा देते. काका म्हणतो, "दरवर्षी उन्हातच येतं, कधी मिरगात ये, मंग दाखोतो तुले."

गेलो नाही अर्थातच. जूनच्या शेवटी ऑफिसात असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीन हलतेय, वाऱ्याचा आवाज, ओली काळी माती, मग एक फांदी एकदम जवळ, पांढरी बारीक फुलं, फोकस काही होईना.

"वास येते काय बे?"