जॉश गिब्सन आणि फोर्ब्ज फील्डची भिंत

नमस्कार मंडळी!

'बाबांचं राहून गेलेलं स्वप्न' या विषयावर आतापर्यंत सगळे आपापल्या वडिलांबद्दल बोलले. मी मात्र दुसऱ्याच्या बापाबद्दल बोलणार आहे. माणूस आपल्याच पिट्सबर्गचा, तेव्हा चालवून घ्या.

जॉश गिब्सन. जन्म १९११चा, जॉर्जिया राज्यातला. वडिलांना इथल्या पोलादाच्या कारखान्यात काम मिळालं आणि कुटुंब इकडे आलं. १९३० साली, अठराव्या वर्षी, पोरगा होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघात कॅचर झाला. कॅचर म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्याची बायको गेली. मुलं आजोळी वाढली. बाप बसमधून गावोगाव, पुढे पोर्तो रिको, मेक्सिकोपर्यंत खेळत हिंडला.

इथल्या ओकलंड भागात पिट विद्यापीठाशेजारी विटांची एक जुनी भिंत उभी आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलं रोज तिच्यावरून जातात. ती फोर्ब्ज फील्डची, म्हणजे पायरेट्सच्या जुन्या मैदानाची भिंत. पायरेट्स हा इथला मेजर लीगमधला, म्हणजे सर्वांत वरच्या स्पर्धेतला, तेव्हा फक्त गोऱ्यांचा संघ. पायरेट्स बाहेरगावी खेळायला गेले की ग्रेज ते मैदान भाड्याने घ्यायचे. म्हणजे जॉश पायरेट्सच्याच मैदानात उभा राहून बॅटने चेंडू भिरकावून द्यायचा, फक्त पायरेट्सचा शर्ट त्याला मिळणार नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांचं आपसात ठरलेलं होतं. लेखी नियम निदान फाडता तरी येतो.

आपल्याला हे नवीन नाही. पुण्याच्या हिंदू क्रिकेट संघात पळवणकर बाळू हे दलित गोलंदाज गोलंदाजी करायचे, विकेट काढून द्यायचे, आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जॉश जन्मला त्याच १९११ साली त्यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरी मुंबईच्या, धर्मवार संघांच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. १९२३ साली ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळूंना एवढं तरी डोळ्यांनी बघता आलं.

जॉशला तेही नाही. २० जानेवारी १९४७ रोजी तो पस्तिसाव्या वर्षी वारला आणि १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून. जॉश दुःखाने खचून मेला असं सांगतात. मला ती गोष्ट फारशी पटत नाही. त्याच्या मेंदूत गाठ असल्याचं १९४३मध्येच निघालं होतं, शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला होता, दारूही होती. माणूस आजारी होता, आणि आजारी असतानाही खेळत होता. मला तरी हे जास्त मोठं वाटतं.

आता मुलाकडे येतो. जॉश ज्युनियर स्वतः ग्रेजकडून खेळला, पण बापाची उंची त्याला गाठता आली नाही, आणि त्याने त्याचं दुःख केल्याचं दिसत नाही. त्याने बापाची गोष्ट सांगायचं काम धरलं. १९७२ साली जॉशचं नाव कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या सन्मानदालनात गेलं. तेव्हा इथे अ‍ॅलेघेनी सेमेटरीत त्याच्या थडग्यावर साधा दगडसुद्धा नव्हता! तो १९७५ साली बसला. पुढे १९९४मध्ये ज्युनियर आणि त्याचा नातू शॉन यांनी जॉशच्या नावाने संस्था काढली. ती आजही इथल्या मुलांसाठी काम करते.

मे २०२४मध्ये मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या तेव्हाच्या वेगळ्या स्पर्धांचे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले आणि टाय कॉब या जुन्या खेळाडूची कारकिर्दीतली .३६७ ही फलंदाजीची सरासरी मागे पडून जॉशची .३७२ पहिली आली. सामने कमी होते, अशी कुरकूर झालीच. मग सामने कमी का होते, तेही सांगा ना! हॉल ऑफ फेमच्या पाटीवर त्याचे जवळजवळ ८०० होमरन (साधारण आपले षटकार) लिहिलेत, अधिकृत यादीत दोनशेही नाहीत, कारण गावोगावच्या लढतींची मोजदाद त्यात धरलेली नाही. जे आकडे जमले, ते संशोधकांनी 'पिट्सबर्ग कूरियर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून एकेक सामना शोधून जमवले.

म्हणून स्वप्न पुरं झालं का? माझ्या मते नाही. त्याला खेळायचं होतं, यादीत बसायचं नव्हतं. आकडे सत्तर-ऐंशी वर्षांनी दुरुस्त होतात, हुकलेला मोसम होत नाही. मुला-पतवंडांनी ते झाकलं नाही. हुकलं ते हुकलंच म्हणून सांगितलं, म्हणून मला ती माणसं आवडतात.

बरं, घड्याळाकडे बोट दाखवताहेत, थांबतो. पुढच्या रविवारी सकाळी काही जण फोर्ब्ज फील्डची भिंत बघायला आणि तिथून सेमेटरीत जाणार आहोत. यायचं असेल त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नावं द्या. मुलांना आणा, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही. गाड्या आहेत.