वॉरन मूनने जागा सोडली नाही

(दृश्य: रिकामं मैदान, सकाळचं दव. गवतावर एक चेंडू. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

आधी हा चेंडू नीट बघा. दोन्ही टोकांना निमुळता, साधारण अकरा इंच लांब, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. चामड्याचे चार तुकडे शिवून केलेला, आणि एका शिवणीवर जाड पांढरी नाडी ओवलेली. आपला फिरकी गोलंदाज शिवणीवर बोटं ठेवतो, तशी इथे फेकणारा या नाडीवर बोटं रोवतो. हात कानाजवळून पुढे येतो, चेंडू हातातून निसटतो, सगळ्यात शेवटी तर्जनी सुटते आणि जाता जाता पीळ देऊन जाते. मग हा लांबोडका चेंडू भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत, जराही न डगमगता, चाळीस-पन्नास यार्ड कापतो. एक यार्ड म्हणजे तीन फूट.

हा चेंडू अमेरिकेत सगळ्यात सुरेख कोण फेकायचं, असं जुन्या जाणकारांना विचारा. ते जी मोजकी नावं घेतात, त्यांत वॉरन मून असतोच.

आणि तरीही, ऐन उमेदीत त्याला सांगण्यात येत होतं की बाबा रे, तू फेकू नकोस. तू दुसरीकडे उभा राहा.

(दृश्य: जुन्या सामन्याची हलती चित्रं. खेळाडू रांगेत वाकलेले.)

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून क्वार्टरबॅक काय करतो ते थोडक्यात सांगते. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. असं करत करत समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. प्रत्येक प्रयत्नात चेंडू सर्वात आधी येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. डाव कोणता खेळायचा हे तो घोळक्यात सांगतो. मग रांगेमागे उभा राहून समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचतो, आणि ती रुचली नाही तर तिथल्या तिथे ओरडून डाव बदलतो. चेंडू हातात आला की त्याला मिळतात जेमतेम तीन सेकंद. शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात, आणि त्याने बघायचं असतं ते त्यांच्या डोक्यावरून, दूर. आपला माणूस आत्ता जिथे आहे तिथे फेकून उपयोग नाही. क्षणभराने तो जिथे पोचेल, तिथे चेंडू आधीच निघालेला हवा.

म्हणजे ही डोक्याची जागा. आणि नेमकी म्हणूनच ती कृष्णवर्णीय खेळाडूंना दिली जात नव्हती. त्यांनी पळावं, झेलावं, अडवावं. डाव वाचणं आणि दहा जणांना हुकूम सोडणं हे त्यांना जमणार नाही, अशी समजूत व्यावसायिक फुटबॉलमध्ये मुरलेली होती. कुठल्या नियमात ती लिहिलेली नव्हती, त्यामुळे खोडताही येत नव्हती. १९६८ साली डेन्व्हरच्या संघाकडून मार्लिन ब्रिस्को नावाचा क्वार्टरबॅक खेळला. पदार्पणाच्या त्या हंगामात त्याने १४ टचडाउन पास फेकले, म्हणजे झेलून थेट टचडाउन झाला असे चेंडू. पुढच्या वर्षी तो बफेलोच्या संघात होता, चेंडू झेलणारा म्हणून! ब्रिस्को झेलणाराही उत्तम निघाला, पण क्वार्टरबॅकची जागा त्याच्या हातून कायमची गेली. हे उदाहरण मूनच्या पिढीतल्या प्रत्येक मुलासमोर होतं.

(दृश्य: लॉस एंजेलिसमधली वस्ती, बैठी घरं, दुपारचं ऊन.)

वॉरन मूनचा जन्म १८ नोव्हेंबर १९५६चा, लॉस एंजेलिसमधला. तो सात वर्षांचा असताना वडील गेले. आई नर्स होती. घरात सहा बहिणी आणि हा एकटा मुलगा. आई कामावर असायची, त्यामुळे स्वयंपाक, शिवणटिपण, इस्त्री हे सगळं तो शिकला. खेळ एकच निवडायचा हेही त्याने लहान वयातच ठरवलं, कारण वर्षातले बाकीचे महिने काम करून घराला हातभार लावायचा होता. त्याने फुटबॉल निवडला, आणि फुटबॉलमध्येही क्वार्टरबॅकचीच जागा. ओळखीतल्या कुठल्याही मुलापेक्षा आपण लांब, जोरात आणि सरळ फेकतो हे त्याला कळून चुकलं होतं.

शाळेनंतर मोठ्या विद्यापीठांकडून विचारणा झाली, पण बहुतेकांना तो दुसऱ्या जागेवर हवा होता. तो गेला नाही. एक वर्ष लॉस एंजेलिसमधल्याच एका छोट्या कॉलेजात खेळला आणि मग सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. तिथले प्रशिक्षक डॉन जेम्स यांनी त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच उभं केलं. सुरुवातीला संघ हरत होता, आणि घरच्या मैदानावर घरचेच प्रेक्षक मूनची हुर्यो उडवत होते. वर्णावरून शिव्याही ऐकाव्या लागत. जेम्स यांनी त्याला बाहेर बसवलं नाही. या गोष्टीत मला जेम्स यांचं फार मोल वाटतं. बाकीच्यांनी मूनला उपदेश केला. जेम्स यांनी त्याला पुढचा सामना दिला.

१९७७च्या हंगामात पहिल्या चार सामन्यांत तीन पराभव झाले, आणि तिथून संघ असा उसळला की थेट रोज बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात पोचला. २ जानेवारी १९७८, पॅसाडिना, लाखभर प्रेक्षक. समोर मिशिगन. मूनने स्वतः धावत जाऊन दोन टचडाउन केले, तिसऱ्यासाठी पास फेकला. वॉशिंग्टन २७, मिशिगन २०. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, वॉरन मून.

(संगीत थांबतं.)

यानंतर दारासमोर रांग लागायला हवी होती. व्यावसायिक संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडतात. त्या वेळी निवडीच्या बारा फेऱ्या होत. मूनला कळत होतं की आपल्याला क्वार्टरबॅक म्हणून कुणी वरच्या फेरीत घेणार नाही, आणि घेतलंच तर जागा बदलायला लावतील. म्हणून ड्राफ्टचा दिवस उजाडायच्या आधीच त्याने करार करून टाकला. उत्तरेला, दुसऱ्या देशात. कॅनडातल्या एडमंटन शहराच्या संघाशी.

त्याच ड्राफ्टमध्ये डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला टँपा बेच्या संघाने पहिल्याच फेरीत निवडलं, हेही सांगायला हवं. दार अगदीच बंद नव्हतं, पण एका वेळी एकानेच आत यावं एवढंच उघडलं होतं.

(दृश्य: बर्फाने कडा पांढरी झालेलं मैदान. श्वासाची वाफ.)

कॅनडातला फुटबॉल आपल्या नजरेला तसाच दिसेल, पण तो वेगळा आहे. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकेतलं शंभर यार्ड लांब आणि रुंदीला ५४ यार्डांनाही किंचित कमी. संघात अकराऐवजी बारा खेळाडू, आणि दहा यार्डांसाठी प्रयत्न तीनच. एक प्रयत्न कमी म्हणजे चेंडू जास्त फेकावा लागतो. मैदान रुंद म्हणजे लांब आणि अचूक फेकावा लागतो. वर एडमंटनची थंडी. अशा हवेत तो कातडी चेंडू दगडासारखा कडक होतो आणि बोटं नाडीवर टिकत नाहीत.

मूनला त्या देशाने एक प्रश्न विचारला नाही. तू कुठे उभा राहणार?

१९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षं एडमंटनने ग्रे कप जिंकला. हा तिथला सर्वोच्च चषक. सुरुवातीला टॉम विल्किन्सन हा अनुभवी क्वार्टरबॅक आणि मून आलटून पालटून खेळत, पुढे सूत्रं मूनकडे आली. त्या पाचांतला १९८१चा अंतिम सामना मला सगळ्यात जवळचा वाटतो. समोर ओटावा, ज्यांनी हंगामात जेमतेम पाच सामने जिंकले होते. मध्यंतराला फळा दाखवत होता ओटावा २०, एडमंटन १. मूनला बाहेर बसवून विल्किन्सनला आत पाठवण्यात आलं होतं. दुसऱ्या अर्धात मून परत आला. एडमंटनने एकेक करत अंतर कापलं, आणि शेवटच्या क्षणांत सामना २६-२३ असा जिंकला.

१९८२मध्ये मूनने एका हंगामात पाच हजार यार्डांचे पास फेकले, म्हणजे त्याचे झेललेले पास संघाला एकूण तेवढे यार्ड पुढे घेऊन गेले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने आकडा ५,६४८वर नेला. आता सीमेपलीकडच्यांना मान वळवावीच लागली.

(दृश्य: ह्यूस्टनचं अ‍ॅस्ट्रोडोम, छताखालचं मैदान.)

१९८४. ह्यूस्टन ऑइलर्स. एडमंटनचे प्रशिक्षक ह्यू कॅम्पबेल आता ह्यूस्टनमध्ये होते, आणि मून तिथे गेला. सत्तावीस वर्षांचा नवखा! पहिल्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले आणि तेरा हरले. पुढची दोन वर्षंही यथातथाच गेली, ती भरभर ओलांडूया. १९८७पासून मात्र ह्यूस्टन सलग सात वर्षं बाद फेरीत पोचलं.

त्या काळात ऑइलर्स 'रन अँड शूट' नावाची पद्धत खेळत. चार झेलणारे मैदानभर पसरायचे, आणि त्यांच्या वाटा आधी ठरलेल्या नसत. समोरचा बचाव जसा हलेल तशी वाट धावता धावता बदलायची. क्वार्टरबॅकने तेच त्याच क्षणी वाचायचं आणि न बोलता दोघांचं एकमत व्हायला हवं. एकाने चुकीचं वाचलं तर चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात. ज्याला वाचता येणार नाही असं म्हटलं गेलं, त्याच्याकडे ही पद्धत दिली होती. १९९१च्या हंगामात मूनने ४,६९० यार्ड फेकले. त्याचा एक झेलणारा, हेवूड जेफायर्स, याने शंभर पास झेलले, आणि ड्रू हिलने नव्वद.

दिवस सांगायचा तर १६ डिसेंबर १९९०, कॅन्सस सिटी. एका सामन्यात ५२७ यार्ड. त्याआधी याहून जास्त फक्त एकाचे होते, नॉर्म व्हॅन ब्रॉकलिनचे ५५४, तेही १९५१ सालचे. अवघे सत्तावीस यार्ड कमी. सामना हातात होता, अजून एक-दोन पास फेकून विक्रम गाठता आला असता. ह्यूस्टनने २७-१० असा सामना संपवला.

(पडद्यावर फळा: ह्यूस्टन ३५, बफेलो ३.)

आणि हा दिवस. ३ जानेवारी १९९३, बफेलो. बाद फेरी. पहिल्या अर्धातच मूनने चार टचडाउन पास फेकले होते. दुसरा अर्ध सुरू होताच फळा ३५-३वर गेला. बफेलोचा नेहमीचा क्वार्टरबॅक जिम केली जखमी, त्याच्या जागी राखीव खेळाडू फ्रँक राइक. प्रेक्षक उठून निघाले होते. आणि मग राइकने एकामागून एक टचडाउन काढायला सुरुवात केली. ह्यूस्टनचा बचाव कोसळला. सामना ३८-३८ असा बरोबरीत सुटला, ज्यादा वेळेत मूनचा पास बफेलोच्या नेट ओडम्सने पकडला, आणि बफेलो ४१-३८ने जिंकलं. बत्तीस गुणांची आघाडी गेली. असा पाठलाग पुढे जवळजवळ तीस वर्षं कुणाला जमला नाही.

एडमंटनमध्ये जे त्याने ओटावाचं केलं होतं, ते इथे त्याच्या वाट्याला आलं. मून सुपर बोल, म्हणजे अमेरिकेतला अंतिम सामना, कधीच खेळला नाही. त्याच्या हातून चेंडू निसटण्याचं प्रमाणही मोठं होतं, कारकिर्दीत १६१ वेळा. चाहत्यांनी हे लपवू नये. इतकी वर्षं, इतक्या माऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या खात्यात तेही जमा होतं.

(दृश्य: सिएटल, किंगडोम.)

ह्यूस्टननंतर मिनेसोटा. तिथे सलग दोन हंगाम चार हजारांच्या पुढे यार्ड. आणि १९९७मध्ये, वयाच्या चाळिशीत, सिएटल. तेच शहर, जिथे विद्यार्थी असताना त्याची हुर्यो उडाली होती. घेतलं होतं राखीव म्हणून, पण मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला. २६ ऑक्टोबर १९९७. वय चाळीस वर्षं, अकरा महिने. समोर ओकलंड. ४०९ यार्ड, पाच टचडाउन पास. या वेळी किंगडोममधले प्रेक्षक उभे होते, आणि आवाज त्याच्या बाजूचा होता.

शेवटची दोन वर्षं कॅन्सस सिटीत, बहुतेक बाकावर. २००१च्या सुरुवातीला, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

(दृश्य: कँटन, ओहायो. ब्राँझचे अर्धपुतळे, ओळीने.)

५ ऑगस्ट २००६ रोजी कँटनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या दालनात, त्याचा पुतळा बसला. तिथे पोचलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ड्राफ्टमध्ये निवड न झालेला क्वार्टरबॅकही पहिलाच. त्या दिवशीच्या भाषणात तो म्हणाला की खेळताना फक्त स्वतःसाठी खेळावं असं वाटायचं, पण आपल्या लोकांसाठीही खेळायचं हे जास्तीचं ओझं कायम खांद्यावर असायचं.

कॅनडाच्या 'हॉल ऑफ फेम'ने त्याला २००१मध्येच आत घेतलं होतं. अमेरिकेच्या वहीत त्याच्या नावावर ४९,३२५ यार्ड आहेत. कॅनडाच्या वहीत २१,२२८. दोन देश, दोन वह्या, आणि दोन्हीकडचे अधिकृत विक्रम वेगवेगळे मोजले जातात. त्या सहा वर्षांत तो कॅनडात का होता, हे कुठल्याच रकान्यात नाही.

ही माहिती जमवताना मी माझ्या वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि रेघ मारून बेरीज केली. ७०,५५३.