गर्दी सर्व्हरसाठी थांबत नाही

लोड टेस्टिंगच्या, म्हणजे सर्व्हरवर मुद्दाम गर्दी सोडून त्याला किती झेपतं ते बघण्याच्या, रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास असतं: "आमची एपीआय ५०० युजर्सना सहज पुरते." (एपीआय म्हणजे अ‍ॅप सर्व्हरशी ज्यातून बोलतं तो दरवाजा.) या वाक्यातून मला काहीही कळत नाही. का कळत नाही, त्याभोवतीच आजचं बोलणं आहे.

बघा, तुम्ही जेमीटर या टेस्टच्या टूलमध्ये ५०० थ्रेड, म्हणजे ५०० नकली युजर, लावले. प्रत्येक थ्रेड रिक्वेस्ट पाठवतो, उत्तर येईपर्यंत थांबतो आणि उत्तर आलं की लगेच पुढची पाठवतो. सर्व्हर १०० मिलिसेकंदांत उत्तर देत असेल तर एक थ्रेड सेकंदाला १० रिक्वेस्ट मारतो, म्हणजे सगळे मिळून ५,०००. आता हेच ५०० जण खरी माणसं आहेत असं धरा. स्क्रीन वाचतात, विचार करतात, दर १० सेकंदांनी एकदा क्लिक करतात. मग सेकंदाला जेमतेम ५० रिक्वेस्ट येतील. युजर तेवढेच, लोडमध्ये शंभरपट फरक. म्हणून युजरचा आकडा सोडा, सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात ते सांगा.

खरी गोम याच्या पुढे आहे. त्याच टेस्टमध्ये सर्व्हर दमला, उत्तराला १०० मिलिसेकंदांच्या जागी एक सेकंद लागायला लागला. आता लोड किती राहिला? सगळे थ्रेड उत्तराची वाट बघत अडकलेत, त्यामुळे सेकंदाला फक्त ५०० रिक्वेस्ट. सर्व्हर अडचणीत आला आणि नेमका त्याच क्षणी आपल्या टेस्टने लोड दहापट उतरवला. इतकी समजूतदार गर्दी कुठे बघितलीय तुम्ही? बाहेरून येणाऱ्याला तुमच्या सर्व्हरची तब्येत माहीत नसते. तो त्याच्या वेळेला येतो, त्याच्यामागे दुसरा येतो, तुमचा सर्व्हर अडकलेला असो की मोकळा.

वाट बघून पुढची रिक्वेस्ट पाठवण्याला क्लोज्ड मॉडेल म्हणतात आणि ठरल्या दराने पाठवत राहण्याला ओपन मॉडेल. संशोधक बियांका श्रोडर, अ‍ॅडम विअरमन आणि मोर हार्चोल-बाल्टर यांनी २००६ मध्ये या दोहोंची तुलना करणारा पेपर लिहिला. लोड सारखाच ठेवला तरी दोन मॉडेलमधला रिस्पॉन्स टाइम कमालीचा वेगळा येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तरीही आज कितीतरी टेस्ट क्लोज्डच असतात, कारण टूल उघडल्यावर समोर तेच येतं. के६ या टूलमध्ये अरायव्हल रेट (रिक्वेस्ट येण्याचा दर) ठरवून देता येतो, व्हेजिटा हे टूल तर दरावरच चालतं, आणि जेमीटरमध्येही ५.५ पासून ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप आहे. सोय आहे, वापरायचं मनावर घ्यायला हवं.

आता याच दोषाचं दुसरं रूप. हे आकड्यांत लपतं, म्हणून जास्त धोक्याचं. सर्व्हर अडला की टेस्टही थांबते आणि वाईट वेळा मोजणीतून गळतात; गिल टेने या परफॉर्मन्स तज्ज्ञांनी त्याला कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलं आणि त्यावर उपाय म्हणून डब्ल्यूआरके२ हे टूल लिहिलं. हिशोब माझ्याबरोबर करा. एक थ्रेड आहे, सर्व्हर प्रत्येक उत्तर १० मिलिसेकंदांत देतो. टेस्ट एक मिनिटाची. पहिली ५० सेकंद सगळं सुरळीत, म्हणजे ५,००० रिक्वेस्ट. मग सर्व्हर १० सेकंद पूर्ण गोठला. या १० सेकंदांत थ्रेडने किती रिक्वेस्ट मोजल्या? एक. रिपोर्ट म्हणतो: ५,००१ रिक्वेस्ट, त्यातली एक हळू, सरासरी १२ मिलिसेकंद, ९९वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत उरकल्या ती वेळ) १० मिलिसेकंद. उत्तम!

पण लोक सेकंदाला १०० या दराने येतच राहिले असते तर त्या १० सेकंदांत १,००० जण अडकले असते. पहिला १० सेकंद, मधला पाच, शेवटचा नावाला. सर्व्हर जागा झाल्यावर साचलेलं सगळं एका झटक्यात निपटतो, असं उदार मनाने धरलं तरी ९९वा पर्सेंटाइल येतो सुमारे ९.४ सेकंद. रिपोर्टमध्ये १० मिलिसेकंद, माणसांच्या वाट्याला साडेनऊ सेकंद. सर्व्हर तोच, मिनिट तेच. त्यामुळे रिक्वेस्ट प्रत्यक्ष कधी निघाली यावरून वेळ मोजू नका, ती कधी निघायला हवी होती तिथून मोजा.

सरासरीबद्दल फार बोलत नाही, तिच्यावर विसंबू नये हे तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच सांगतो की फेल झालेल्या रिक्वेस्ट पटकन परत येतात. सर्व्हरच्या बिघाडाचा '५००' हा एरर कोड दोन मिलिसेकंदांत मिळतो. सर्व्हर मोडायला लागला की सरासरी सुधारते आणि मॅनेजर खूश होतो. यशस्वी आणि अयशस्वी रिक्वेस्टची लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) वेगळी काढा. दहा सर्व्हरच्या ९९व्या पर्सेंटाइलची सरासरीही काढू नका, त्या आकड्याला काही अर्थ नसतो. आणि ९९वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरातला एकच, असं म्हणून सोडून देऊ नका. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोझो यांनी २०१३ मध्ये हे गणित मांडलं: एका पानासाठी १०० सर्व्हरना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदा हळू होत असेल, तर ६३ टक्के पानं हळू उघडतात.

मग सर्व्हर नक्की कुठे अडतो? बहुतेक जण आधी सीपीयू बघतात. सीपीयू ३० टक्के, मेमरी भरपूर, तरी लेटन्सी वर चाललेली. अशा वेळी मी कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसशी जोडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, बघतो. हिकारीसीपी या जावाच्या पूल लायब्ररीमध्ये पूलचा डिफॉल्ट आकार १० आहे. प्रत्येक रिक्वेस्ट डेटाबेसचं कनेक्शन २० मिलिसेकंद धरून ठेवत असेल तर एक कनेक्शन सेकंदाला ५० जणांना पुरतं, दहा मिळून ५००. झालं, हीच तुमची कमाल मर्यादा, सीपीयू कितीही मोकळा असो. सेकंदाला ६०० यायला लागल्या की दर सेकंदाला १०० जण रांगेत वाढतात. अर्ध्या मिनिटात ३,००० जण उभे, आणि शेवटच्याला सहा सेकंद थांबायचंय. मोबाइल अ‍ॅपचा टाइमआउट पाच सेकंदांचा असेल तर तो कधीच निघून गेलाय. जाता जाता रीट्राय, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा, टाकून गेलाय. आता सर्व्हर निघून गेलेल्यांची कामं मन लावून करतोय आणि बाहेर ६०० चे १,२०० झालेत.

हा हिशोब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमातूनच येतो: आत किती जण आहेत = येण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ. टेस्ट लावण्याआधी कागदावर तो करून बघा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

रांग लागायला मर्यादा ओलांडावीच लागते असंही नाही. रिक्वेस्ट आखून दिल्यासारख्या समान अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. टेलिफोन एक्स्चेंजवर असे बेभरवशी येणारे कॉल कसे मोजायचे, यावर डॅनिश गणिती आग्नेर एर्लांग यांनी कोपनहेगनमध्ये १९०९ सालीच लिहिलं होतं. एका सर्व्हरच्या सगळ्यात साध्या गणितात, सर्व्हर ५० टक्के गुंतला की लागणारा वेळ दुप्पट होतो, ९० टक्क्यांना दहापट, ९५ ला वीसपट. ९० वरून ९५ वर जाताना ट्रॅफिक किंचित वाढतो आणि वेळ दुप्पट होतो. त्यामुळे एकाच दराने टेस्ट करून पास-नापास ठरवण्यात मला रस नाही. दर पायऱ्यापायऱ्यांनी वाढवा आणि आलेख कुठे वळतो ते शोधा. "९०० पर्यंत सरळ, ९५० ला वळला, आधी पूल भरला" असं वाक्य रिपोर्टमध्ये दिसलं की मी पुढचं पान उलटतो.

टेस्ट फसवी ठरण्याच्या आणखी काही जागा आहेत, त्या भराभर सांगतो. एकच प्रॉडक्ट आयडी पुन्हापुन्हा मागितला तर तुम्ही कॅशची, म्हणजे हाताशी ठेवलेल्या तयार उत्तरांची, टेस्ट करताय. टेबलात हजार ओळी असतील तर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नसल्याचं कळणारही नाही, एक कोटी ओळी भरून बघा. आणि लोड पाठवणारं मशीनच थकलेलं असू शकतं. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी सुरुवातीला सुमारे २८,००० पोर्ट (कनेक्शनसाठीचे क्रमांक) असतात आणि बंद झालेला पोर्ट ६० सेकंद टाइम-वेट या अवस्थेत, म्हणजे पुन्हा न वापरता, पडून राहतो. कीप-अलाइव्ह (एकच कनेक्शन पुन्हापुन्हा वापरण्याची सोय) बंद असेल तर एका मशीनवरून एकाच सर्व्हरच्या एका पोर्टकडे सेकंदाला जेमतेम ४७० नवी कनेक्शन उघडता येतात. टेस्ट ४७० च्या आसपास अडली की एपीआयला दोष देण्याआधी इकडे बघा.

प्रत्येक एपीआय सुटीसुटी तपासणं सोपं असतं, पण सगळ्यांचा डेटाबेस एकच असतो. अमेरिकेची आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट हेल्थकेअर.गव्ह घ्या. ते १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कोलमडलं. सगळे भाग जोडून केलेली टेस्ट शेवटच्या दोन आठवड्यांत झाली होती, असं कंत्राटदारांनी नंतर अमेरिकेच्या संसदेसमोर सांगितलं.

जवळजवळ कुणीच करत नाही ती टेस्ट म्हणजे लोड उतरवल्यानंतरची. मर्यादेच्या दीडपट दर पाच मिनिटं द्या, मग नेहमीच्या दरावर या आणि घड्याळ लावा. लेटन्सी मूळ जागी यायला किती वेळ लागतो? काही सिस्टिम परत येतच नाहीत. मूळ अडचण दूर झाली तरी रीट्रायच त्यांना खाली दाबून ठेवतात, आणि शेवटी रीस्टार्ट करावं लागतं. यासाठीच रांगेला मर्यादा हवी, ती भरली की लगेच ५०३ ('आत्ता जमत नाही' सांगणारा एरर कोड) द्यायला हवा, आणि क्लायंटच्या (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या अ‍ॅपच्या) रीट्रायमध्ये दर वेळी वाढत जाणारं आणि थोडं पुढेमागे होणारं अंतर हवं. टेस्टच्या स्क्रिप्टमध्येही खऱ्या क्लायंटसारखे रीट्राय घाला, नाहीतर हे कधी दिसणारच नाही.

मागून प्रश्न आलाय की हे प्रोडक्शनवर, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमवर, करावं का. फक्त वाचणाऱ्या एपीआयवर, कमी गर्दीच्या वेळी, टेस्टची रिक्वेस्ट ओळखू येईल असा हेडर लावून आणि एका बटणावर थांबवता येत असेल तर जरूर करा. लिहिणाऱ्या एपीआयवर टेस्टचा डेटा वेगळा ठेवण्याची सोय आधी करा. आणि पेमेंट, एसएमएस, ईमेल अशा दुसऱ्यांच्या सेवा तोडून त्यांच्या जागी स्टब (नकली सेवा) बसवा. मात्र तो स्टब शून्य मिलिसेकंदांत उत्तर देणारा नको. खरी सेवा ३०० घेत असेल तर त्यालाही ३०० घेऊ द्या, आणि मधूनच कधीतरी पाच सेकंद.